मुंबईविना महाराष्ट्र, गोव्यासह

संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पुढे 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, आणि गोंयकारांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला. हे दोन्ही निकाल दूरसंचार खात्यानं निमूटपणे फिरवून टाकले. मोबाइलसाठी देशाची सर्कलं पाडली तेव्हा मुंबई वेगळी काढली आणि उरलेला महाराष्ट्र गोव्याला जोडून दिला. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी अग्रलेखही लिहिल्याचं आठवत नाही. वाटणी जमिनीची असती तर रक्त सांडलं असतं. ही हवेची होती.

हवेची हद्द कळायची ती खिशाला. मुंबईच्या सर्कलमध्ये नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा पट्टा यायचा. पुण्याची गाडी त्याच्या पुढे सरकली की पडद्यावरचं कंपनीचं नाव बदलायचं आणि मेसेज यायचा, वेलकम टू महाराष्ट्र. दादरला चढलेला, डब्यात कटलेट खाऊन सुस्तावलेला माणूस. त्याचं कर्जतच्या अलीकडे कुठंतरी महाराष्ट्रात स्वागत! मग डब्यातल्या डब्यात फोन बंद व्हायला लागायचे, कारण रोमिंगमध्ये दुसऱ्यानं केलेल्या फोनचेही पैसे आपल्याला पडत. रोमिंगमधलं इनकमिंग देशभर फुकट करायला बीएसएनएलनं जून 2015 उजाडवला. तोवर खंडाळ्याचा घाट हा आमच्यासाठी कस्टमचा नाका होता.

देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत संचार भवनात बसलेल्या केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावलेला. तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि इनकमिंगही फुकट नव्हतं. प्रत्येक सर्कलमध्ये दोनच खाजगी कंपन्या. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल, उरलेल्या महाराष्ट्र-गोव्यात बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. पुढे मॅक्स टचचं ऑरेंज झालं, ऑरेंजचं हच, हचचं व्होडाफोन. बिर्लांचं आयडिया झालं, आणि मग व्होडाफोन-आयडियाचं लग्न लागून व्ही. सिम तेच, नंबर तोच, आणि घरबसल्या माणसाची चार सासरं. मुंबईतलं बीपीएल लूप होऊन 2014 मध्ये मिटलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका काकांनी सुतक पाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. 1995 पासूनचा नंबर होता त्यांचा.

या कंपन्यांना सरकारनं दिलं काय होतं? टॉवर त्यांनी उभारले, यंत्रं त्यांनी बाहेरून आणली. सरकारनं दिली ती फक्त मुभा. हवेतल्या अमुक कंपनसंख्येपासून, म्हणजे फ्रिक्वेन्सीपासून, तमुक कंपनसंख्येपर्यंत तुम्हीच बोलायचं, दुसऱ्या कुणी नाही. सुरुवातीला ही मुभा 4.4 मेगाहर्ट्झची होती, जाण्याची तेवढी आणि येण्याची तेवढी. जीएसएम या तेव्हाच्या मोबाइल पद्धतीत एका पट्टीची रुंदी 200 किलोहर्ट्झ, म्हणजे सगळ्या मिळून फार तर 22 पट्ट्या. शेजारच्या टॉवरला तीच पट्टी वापरता येत नाही, गोंधळ होतो, म्हणून त्या 22 सुद्धा टॉवरांत वाटून घ्यायच्या. आणि एकेका पट्टीवर आठ जण आळीपाळीनं. सेकंदाचे बारीक तुकडे करून प्रत्येक फोनला आपला तुकडा मिळाला की तेवढ्यात बोलून गप्प बसायचं; असं सेकंदाला सुमारे 217 वेळा. आपल्याला हे कळत नाही, कारण पलीकडचा फोन ते तुकडे जोडून सलग बोलणं ऐकवतो. पण कळायचं एका ठिकाणी. टीव्हीशेजारी किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवलेला असला की घंटी वाजण्याच्या क्षणभर आधी त्यातून 'टिड्डिक टिड्डिक टिड्डिक टर्रर्र' असा आवाज यायचा. घरातलं शेंबडं पोरही ओरडायचं, फोन येतोय! ते ऐकू येत होतं ते त्या 217 वेळच्या रांगेचं ठोकणं. आता 4जी आलं, रांगेची पद्धत बदलली आणि तो आवाज गेला. आजच्या कॉलेजातल्या मुलांना तो काढून दाखवला तर त्यांना वाटतं काका नकला करताहेत.

त्या काळच्या नोकियात आणखी एक गंमत होती. मेनूत खोल कुठंतरी सेल इन्फो नावाची सोय सुरू करायची आणि चॅनेलचा आकडा 50 द्यायचा. मग ज्या टॉवरला फोन चिकटलेला आहे त्या भागाचं नाव पडद्यावर उमटायचं. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या, खिडकीबाहेर मिट्ट काळोख असताना, हातातला फोन सांगायचा आता कुठे आलो ते. गंमत अशी की ही नावं रेल्वेच्या नावांशी जुळायची नाहीत. स्टेशन यायच्या आधीच पुढच्या गावाचं नाव लागायचं, मध्येच डोंगरावरच्या टॉवरमुळे भलत्याच तालुक्याचं, मग पुन्हा मागचं. गाव जिथं संपतं तिथं त्याची हवा संपत नाही, हे मी भूगोलाच्या पुस्तकात नाही, त्या दीड इंची पडद्यावर शिकलो. जीपीएस आलं आणि फोन आपल्याला ठिपका दाखवू लागला, अगदी अचूक. तो ठिपका जमिनीवरचा. हवेचा नकाशा मात्र कंपन्यांच्या कपाटात गेला.

तो नकाशा वाचायचा तर कोकणात जावं. आमच्या आत्याचं घर राजापूर तालुक्यात, दोन डोंगरांच्या बेचक्यात. जांभ्याच्या दीड-दीड हात रुंद भिंती, वर कौलं, मागे माजघर आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघर. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं जमलो की कुणाचा फोन कुठं लागतो याची एक वाटणी आपोआप व्हायची. एकाचा थेट चुलीपाशी वाजायचा. दुसऱ्याचा पडवीपर्यंत. तिसऱ्याला खळ्यात जाऊन, तुळशीच्या उजव्या अंगाला, तोंड आग्नेयेकडे करून उभं राहावं लागायचं, आणि बोलता बोलता तो विसरून वळला की 'हॅलो, हॅलो' सुरू. आत्या वैतागून म्हणायची, "अरे, देवाला प्रदक्षिणा घालतो आहेस की काय?"

यात फोनच्या किमतीचा काही संबंध नव्हता. चुलीपाशी वाजणारा फोन सगळ्यांत स्वस्तातला होता. कारण होतं कंपनसंख्येचं. सुरुवातीला आलेल्या कंपन्यांना 900 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. त्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर. ती दूर जाते, टेकडीच्या धारेवरून थोडी खाली वाकते, भिंतीतून बऱ्यापैकी शिरते. नंतर आलेल्यांच्या वाट्याला बव्हंशी 1800 आलं. लांबी निम्मी, सगळंच निम्म्यावर. शहरात त्यानं बिघडत नाही, तिथं पावलापावलावर टॉवर असतात. पण कोकणातल्या डोंगरउतारावर 1800 वाल्यानं 900 वाल्याइतकंच पोचायचं म्हटलं तर टॉवर जास्त उभारायला हवेत, आणि चार वाड्यांसाठी तेवढे टॉवर कोण उभारतो? आपल्याकडे 'अमक्या कंपनीला गावाकडं रेंज आहे' असं लोक जे म्हणतात, त्यामागे ती कंपनी दिलदार आहे असं काही नसतं. ती आधी आली, म्हणून तिला चांगली हवा मिळाली. हवेतही वतनदारी असते.

आणि फोनची बॅटरी गावात लवकर का उतरते, त्याचंही उत्तर हेच. टॉवर लांब असला की फोनलाही मोठ्यानं बोलावं लागतं. शहरात पुटपुटणारा फोन कोकणात बेंबीच्या देठापासून ओरडत असतो. रेंज पुरतीच गेली की तो गप्प बसत नाही, शोधत राहतो. घाटात खिशातला फोन गरम लागतो तो म्हणून.

तरी फोनची गोष्ट राहिलीच. आपण दुकानात कॅमेरा बघतो, रंग बघतो, ईएमआय बघतो. तो कोणत्या हवेत बोलू शकतो हे बघणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही. पूर्वी हे फार वाईट रीतीनं कळायचं. न्यू जर्सीहून मामेभाऊ यायचा तेव्हा मामीसाठी मोठ्या हौसेनं फोन आणायचा. तो इथं सुरूच व्हायचा नाही. अमेरिकेतलं जीएसएम 850 आणि 1900 वर, आपलं 900 आणि 1800 वर. दोन्हीकडे बोलणारा फोन नसेल तर तो भारतात नुसता घड्याळ. तिकडच्या काही कंपन्यांचे फोन सीडीएमए या दुसऱ्याच पद्धतीचे, त्यांत सिम घालायला खाचच नाही. मामीनं असा एक फोन काचेच्या कपाटात, शिंपल्यांच्या बदकांशेजारी, कित्येक वर्षं मांडून ठेवला होता. खाच असली आणि पट्टा जुळला तरी वर कंपनीचं कुलूप. ते उघडून देणारी दुकानं मुंबई-पुण्यात निघाली, आणि तिथली विशीतली पोरं ज्या सहजतेनं परदेशी कंपन्यांची कुलपं काढायची, त्याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

सीडीएमए आपल्याकडेही आलं. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सनं 501 रुपयांत फोन हातात ठेवला आणि रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या कमरेला तो लटकला. त्यातही सिम नव्हतं. फोन आणि कंपनी यांची गाठ सुटायची नाही. त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं, आणि मिस कॉल नावाचं, फुकटात निरोप पोचवण्याचं आपलं राष्ट्रीय तंत्र बहरलं. एक मिस कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. एक रुपयाही न देता हवा वापरायची ही युक्ती कंपन्यांना आवडत नसणार, पण बंदही करता येत नव्हती.

ही हवा कुणाची, हा प्रश्न तसा जुना. माझ्या आजोबांकडे रेडिओचं लायसन होतं. छोटी पुस्तिका, तीत दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि तिकिटं चिकटवून घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती. रेडिओ तुमच्या पैशांनी घेतलेला, वीज तुमची, पण त्यात शिरणाऱ्या लहरी सरकारच्या. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात इंग्रजांनी हा हक्क सरकारच्या नावे लिहून ठेवला आणि स्वातंत्र्यानंतर आपण तो तसाच्या तसा पुढे चालवला. तो कायदा पुसायला 2023 चा नवा कायदा यावा लागला.

मधे एक माणूस मात्र वेगळं बोलून गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत. मुंबईचे, आयुष्याची अखेर पुण्यात. खटला क्रिकेटचा होता: 1993 च्या हीरो कपचं प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेनं परदेशी कंपनीला दिलं आणि सरकार आडवं आलं. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, त्यात सावंतांनी लिहिलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, आणि ज्याच्याकडे पैसा त्याचीही नाही. त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा. ज्योती बसूंचा फोन लागायला अजून पावणेसहा महिने होते. मोबाइल या देशात येण्याआधीच त्याची हवा कुणाची हे ठरलेलं होतं, आणि ते एका मराठी न्यायमूर्तीच्या लेखणीनं ठरलं होतं. आपण मराठी माणसं कुणाकुणाचे पुतळे उभारतो. या वाक्याची एखाद्या चौकात साधी पाटीसुद्धा नाही.

पुढं त्या वाक्याचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. 2008 च्या जानेवारीत 2001 च्या भावानं, देशभरासाठी 1,658 कोटींत, 2जीचे परवाने वाटले गेले. 2010 मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं 1.76 लाख कोटींच्या नुकसानीचा आकडा काढला, 2 फेब्रुवारी 2012 ला न्यायालयानं 122 परवाने रद्द केले, आणि डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. मला या प्रकरणातल्या भ्रष्टाचारापेक्षा त्यातून निघालेल्या समजुतीचं जास्त वाईट वाटतं. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे चढ्या भावानं विकायची वस्तू, अशी आपली सगळ्यांची समजूत झाली. 2010 चा 3जीचा लिलाव 34 दिवस चालला, 67 हजार 719 कोटी आले, पेपरांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांत एअरटेलनं 3जी गुंडाळूनही टाकलं. व्होडाफोन-आयडिया देण्याखाली इतकी वाकली की थकबाकीच्या बदल्यात शेअर घेता घेता सरकारच तिचं सर्वांत मोठं भागीदार झालं. हवा विकली, पैसे आले नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाचं दुकान घेतलं!

सगळ्यांत बोलका किस्सा 700 मेगाहर्ट्झचा. ही 900 पेक्षाही खालची, म्हणजे कोकणासाठी, मेळघाटासाठी, सातपुड्यासाठी देवानं केल्यासारखी हवा. 2016 मध्ये सरकारनं तिचा भाव इतका चढा लावला, एका मेगाहर्ट्झला देशभराचे 11,485 कोटी, की एकानंही बोली लावली नाही. 2021 मध्येही नाही. 2022 मध्ये भाव उतरवल्यावर एकट्या जिओनं ती घेतली. मधली सहा वर्षं ती हवा आपल्या डोक्यावरून नुसती वाहत होती, आणि 2020 च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली मुलं भर पावसात टेकडीवर छत्री धरून ऑनलाइन तास करत होती. तिजोरीत काय आलं याचा हिशोब कॅग करतो. न विकलेल्या हवेनं कुणाचं काय गेलं याचा कुणी करत नाही.

5जीच्या वेळी तर उलटीच वरात. फोन फेब्रुवारी 2020 मध्ये दुकानांत आले, नेटवर्क सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला. अडीच वर्षं लोक 5जी लिहिलेला फोन मिरवत 4जीवर बोलत होते. सुरुवातीच्या कित्येक फोनांत 5जीचे एकदोनच पट्टे होते. नेटवर्क आल्यावरही कंपनीनं सॉफ्टवेअर पाठवेपर्यंत तो सुरू होईना. आयफोनवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. शहरात मुख्यतः 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा, लहर नऊ सेंटिमीटरची, वेग भन्नाट आणि लिफ्टमध्ये शिरताच गुल. त्याच्याही वर 26 गिगाहर्ट्झचा, सेंटिमीटरभर लांबीचा. तो कंपन्यांनी घेतला खरा, पण माझ्या फोनला अजून भेटलेला नाही. असल्या चिमुकल्या लहरींवर कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस 1895 च्या सुमारास प्रयोग करत होते, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवत होते. त्याच शहरातून शंभर वर्षांनी ज्योती बसूंनी फोन लावला.

कंपन्या सरकारला जो वाटा देतात त्यातून त्यांच्या मिळकतीचे पाच टक्के, जिथं धंदा परवडत नाही अशा गावांत फोन पोचावा यासाठी बाजूला काढले जातात. म्हणजे आपल्या प्रत्येक रिचार्जमधले काही पैसे नंदुरबार-गडचिरोलीच्या नावे जमा होतात. 2022 च्या जुलैत 24,680 गावांना 4जी देण्यासाठी 26,316 कोटी मंजूर झाले, काम बीएसएनएलकडे. तिथं आता रेशन अंगठ्यावर मिळतं, आणि अंगठा पडताळणारं यंत्र सिमवर चालतं. रेंज नसेल तर तांदूळ समोर असून पोत्यात.

ऑगस्ट 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं नियम केला की कंपन्यांनी आपला रेंजचा नकाशा संकेतस्थळावर सगळ्यांना दाखवायचा. कपाटातला नकाशा बाहेर आला म्हणून मी आधी आत्याचं गाव काढलं. सगळीकडे रंग भरलेला, बेचक्यातही. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग ये आणि लावून दाखव." नकाशा बहुधा कौलांच्या वरचा असावा. ती बोलत होती मात्र चुलीपाशी उभी राहून, आवाज खणखणीत. कारण टॉवरचा नव्हता. गावात फायबर आलं आहे, माजघरात राउटर बसला आहे, आणि तिच्या नातवानं वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं आहे. वाय-फायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून विनापरवाना आहे. लिलाव नाही, मक्ता नाही. ठरलेल्या ताकदीच्या आत कुणीही वापरावा. सावंतांच्या निकालातली हवा खरी कुठं उतरली असेल तर ती या पट्ट्यात, पण कॅगच्या अहवालात याचा आकडा शून्य लागतो म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. आता वरच्या 6 गिगाहर्ट्झवरून ओढाताण आहे. मोबाइल कंपन्यांना तो लिलावात हवा, बाकीच्यांना मोकळा. मे 2025 मध्ये सरकारनं खालचा भाग मोकळा सोडायचा मसुदा काढला. मला विचाराल तर सगळाच सोडावा, पण मला कोण विचारतं?

कोकणात पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस जाते. राउटर बंद पडतो आणि आत्या पुन्हा खळ्यात. म्हणून यंदा जाताना राउटरला लावायचा छोटा यूपीएस घेऊन जाणार आहे. दोन हजारांच्या आत मिळतो, चार तास चालतो असं दुकानदार म्हणाला. नातू म्हणतो दोनच आणा, शेजारच्या काकूंकडे पण हवाय.